आरोग्य विमा : कलमे वाढली की हप्ता का वाढतो?

मे महिना सरता सरता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पासबुकात दोन नोंदी पडतात. एक २० रुपयांची, दुसरी ४३६ रुपयांची. पहिली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची, दुसरी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची. दोन्ही योजना २०१५ सालापासून चालू आहेत. विमेदार दगावला तर दोन्हीत वारसाला २ लाख रुपयेच मिळतात. मग एकीला २० रुपये आणि दुसरीला ४३६ रुपये, हा फरक कशाचा?

फरक कलमांचा आहे. २० रुपयांचा विमा फक्त अपघाताचा. अपघातात मृत्यू आला किंवा अपंगत्व आले तरच पैसे. ४३६ रुपयांच्या विम्यात माणूस कोणत्याही कारणाने गेला, आजाराने गेला, तरी पैसे मिळतात. अपघाताने जाणारे गावात थोडे, आजाराने जाणारे जास्त. म्हणून रक्कम तीच असली तरी हप्ता वीसपटीहून अधिक. आणखी एक लक्षात घ्या. हे हप्ते पूर्वी १२ रुपये आणि ३३० रुपये होते. दावे अपेक्षेपेक्षा जास्त निघू लागले, तेव्हा १ जून २०२२ पासून ते २० आणि ४३६ झाले.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने कीडरोगाचे सोडून हे दवाखान्याचे काय काढले? त्याला कारण आहे. गावोगाव फिरताना दिसते की, बियाण्या-खतासाठी घरात ठेवलेला पैसा पेरणीच्या तोंडावर दवाखान्यात जातो आणि मग कर्ज काढून पेरणी होते. म्हणून आता गावातली मंडळी आरोग्य विमा घेऊ लागली आहेत. पण दर वर्षी हप्ता वाढून आला की "कंपनी लुटते" म्हणून पॉलिसी सोडूनही देतात. सोडण्याआधी हप्ता कशाने वाढतो हे समजून घेतले पाहिजे. तेवढ्यासाठी हा लेख.

हप्त्याचा हिशेब

धरून चालू की एका मोठ्या गावातल्या १,००० माणसांनी मिळून एक विमा काढला. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. वर्षात त्यातली ५० माणसे दवाखान्यात भरती झाली आणि प्रत्येकाचे बिल सरासरी ४०,००० रुपये आले. म्हणजे २० लाख झाले. कंपनीचा कारकुनी खर्च, एजंटाचे कमिशन, नफा मिळून ५ लाख धरा. एकूण २५ लाख. ते १,००० माणसांत वाटले की माणशी २,५०० रुपये हप्ता.

आता सरकारने सांगितले की, मानसिक आजाराने भरती झालेल्यांचेही बिल दिलेच पाहिजे. समजा, हजारात अशी २ माणसे निघाली आणि प्रत्येकी ३०,००० रुपये खर्च आला. ६०,००० भागिले १,०००, म्हणजे माणशी ६० रुपये वाढले. एवढ्याने कोणी मोडत नाही, आणि ज्याच्या घरात तो आजार आहे त्याचे घर वाचते.

आता बाळंतपणाचे कलम घाला. हजारात २० बाळंतपणे, प्रत्येकी ३५,००० रुपये. ७ लाख झाले, म्हणजे माणशी ७०० रुपये. मूळचा २,५०० चा हप्ता ३,२०० वर गेला.

इथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कलम वाढले की हप्ता वाढतो, यात चमत्कार काही नाही. दुसरी, प्रत्येक कलम सारखे महाग नसते. जे क्वचित लागते ते स्वस्तात बसते. जे बऱ्याच जणांना लागते, किंवा जे लागणार हे आधीच माहीत असते, ते महाग पडते.

ऐच्छिक ठेवले तर काय होते?

कोणी म्हणेल, "बाळंतपण ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, आमच्या माथी का?" बोलणे रास्त वाटते. पण हिशेब करून बघा. हे कलम ऐच्छिक ठेवले तर ज्यांच्या घरी नवी सून आली आहे तीच घरे ते घेतील. समजा, ४० जणांनी घेतले आणि त्यांच्यात तीच २० बाळंतपणे झाली. ७ लाख आता ४० जणांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी १७,५०० रुपये. सगळ्यांनी मिळून ७०० रुपयांत होणारी गोष्ट थोड्यांनी घेतली की १७,५०० वर जाते. मग ४० मधलेही निम्मे म्हणतात, परवडत नाही. शेवटी ते कलम बाजारात मिळेनासे होते, किंवा त्याला दोन-तीन वर्षे थांबण्याची अट लागते.

आपल्याकडे तेच दिसते. आरोग्य विम्याच्या साध्या पॉलिसीत बाळंतपण सहसा बसत नाही. ज्या पॉलिसीत बसते तिथे थांबण्याची मुदत आणि रकमेची मर्यादा असते. म्हणून काही लाभ कायद्याने सक्तीचे करावे लागतात. ते नुसत्या बाजारावर सोडले तर गरजवंताला परवडत नाहीत.

पण सक्तीलाही दुसरी बाजू आहे. वरच्या हिशेबात हप्ता ३,२०० झाला. गावातली २०० तरणीताठी माणसे म्हणाली, "आम्ही कधी दवाखान्याची पायरी चढत नाही, आम्हाला नको." ती बाहेर पडली. खर्च मात्र तेवढाच राहिला, ३२ लाख. तो आता ८०० जणांत वाटायचा, म्हणजे हप्ता ४,००० झाला. पुढल्या वर्षी त्या ४,००० ला भिऊन आणखी काही निरोगी माणसे निघतील. शेवटी विम्यात आजारी माणसेच उरतात आणि हप्ता कोणालाच झेपत नाही.

अमेरिकेत या गोष्टीचा मोठा अनुभव घेतला गेला. तिथे २०१० साली कायदा झाला. त्यानुसार २०१४ पासून वैयक्तिक आणि छोट्या गटांच्या नव्या विम्यात दहा प्रकारचे लाभ सक्तीचे झाले. त्यात बाळंतपण, मानसिक आजार, औषधे हे सारे आले. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारण्यासही बंदी झाली. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी केल्या. विमा न घेणाऱ्याला दंड ठेवला, म्हणजे निरोगी माणूस बाहेर राहू नये. आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हप्त्यात सरकारी मदत दिली. २०१९ पासून तिथल्या केंद्र सरकारचा दंड शून्यावर आला, मदत मात्र राहिली. लाभ, सहभाग आणि मदत ही तिफण आहे. एक फण मोडला तर तास सरळ जात नाही.

आपल्याकडे सक्तीचे काय आहे?

आपल्या देशात विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण. गेल्या काही वर्षांत कायद्याने आणि या प्राधिकरणाच्या नियमांनी पॉलिसीत बरेच काही सक्तीचे झाले आहे. पैकी मुख्य गोष्टी अशा.

मानसिक आजार : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही दिला पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. काही कंपन्या तरीही चालढकल करीत होत्या. २०२२ साली प्राधिकरणाने पुन्हा बजावले.

अपवादांची यादी : पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने "हे देणार नाही, ते देणार नाही" अशी यादी लावायची. २०१९ साली प्राधिकरणाने ही यादी ठरवून दिली. काही नव्या उपचारांना सरसकट नकार देता येणार नाही, असेही ठरले. रकमेची मर्यादा मात्र घालता येते.

जुना आजार : पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब यांना पूर्वी कंपनी जास्तीत जास्त ४८ महिने थांबायला लावू शकत होती. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने झाली. तसेच पॉलिसी खंड न पडता ६० महिने चालली की त्यानंतर "तुम्ही आजार लपवला" म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

वय : कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवली पाहिजे, असे २०२४ च्या नियमांत आहे.

आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी वगैरे : या उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावे, असेही २०२४ पासून आहे. पण त्यासाठी नियमात बसणाऱ्या रुग्णालयात भरती व्हावे लागते. गावच्या वैदूकडची जडीबुटी यात येत नाही.

हे सर्व आपल्या फायद्याचे आहे. पण वरचा हिशेब आठवा. थांबण्याची मुदत एक वर्षाने कमी झाली म्हणजे मधुमेही माणसाचा दावा एक वर्ष आधी येणार. ७० वर्षांच्या आजोबांना पॉलिसी दिलीच पाहिजे म्हटले तर त्यांचा खर्च कोणाच्या तरी हप्त्यात बसणार. बहुतेक वेळा तो त्यांच्याच हप्त्यात बसतो. पॉलिसी द्या असा नियम आहे, स्वस्त द्या असा नियम नाही. ज्येष्ठांचे हप्ते भराभर वाढू लागले, तेव्हा ३० जानेवारी २०२५ रोजी प्राधिकरणाने सांगितले की, ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी.

एकच पॉलिसी, दर वेगळे

आता प्रत्यक्षातली एक पॉलिसी पाहू. तिचे नाव 'आरोग्य संजीवनी'. १ एप्रिल २०२० पासून प्राधिकरणाने ही प्रमाणित पॉलिसी आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांना सक्तीची केली. कंपनी कोणतीही असो, कलमे तीच. जसे युरियाच्या गोणीत नत्र ४६ टक्के, मग गोणीवर शिक्का कोणाचाही असो, तसेच हे. पण हप्ता प्रत्येक कंपनी आपला ठरवते. म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर विचारल्याशिवाय सही करू नये. मात्र दराबरोबर हेही विचारावे की, आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात त्या कंपनीचे रोकडविरहित उपचाराचे दवाखाने किती आहेत. स्वस्त पॉलिसी घेतली आणि दवाखाना दीडशे किलोमीटरवर, तर उपयोग काय?

ही पॉलिसी तुलनेने आटोपशीर ठेवण्यासाठी तिच्यात काही कुंपणे घातली आहेत. ती नीट वाचा.

पहिले कुंपण, बिलाच्या ५ टक्के आपण द्यायचे. मंजूर बिल १ लाख असेल तर कंपनी ९५,००० देईल आणि ५,००० आपले.

दुसरे, खोलीचे भाडे. विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० रुपयांपर्यंतच. २ लाखांची पॉलिसी असेल तर दिवसाला ४,००० ची खोली चालते. अतिदक्षता विभागाला ५ टक्के, पण १०,००० पर्यंतच.

तिसरे, मोतीबिंदू. एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यात जे कमी ते. १ लाखाची पॉलिसी असेल तर २५,००० मिळतील. २ लाखांची असेल तर हिशेबाने ५०,००० येतात, पण मिळतील ४०,०००.

चौथे, थांबण्याची मुदत. पहिले ३० दिवस फक्त अपघाताला संरक्षण. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांना दोन वर्षे.

पाचवे, बाळंतपण यात नाही.

ही कुंपणे काढून टाका म्हटले तर काढता येतील, पण हप्ता वाढेल. लाभ आणि हप्ता एकाच तागडीच्या दोन पारड्यांत आहेत.

आपल्या ओळखीचे उदाहरण : पीक विमा

हे सारे आपण पीक विम्यात नुकतेच भोगले आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून आली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के. राज्याने खरीप २०२३ पासून हा हिस्सा स्वतःकडे घेतला आणि शेतकऱ्याला १ रुपयात विमा दिला. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान ही सगळी कलमे त्यात होती. खरीप २०२२ मध्ये सुमारे ९६ लाख अर्ज आले होते, ते खरीप २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. बोगस अर्जही उघडकीस आले. सरकारवरचा बोजा वाढला.

मग २०२५ मध्ये सरकारने योजना बदलली. खरीप २०२५ पासून १ रुपया गेला, शेतकऱ्याचा हिस्सा परत आला, आणि वरची चारही जादा कलमे काढून फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले. अनेक शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "साहेब, ७२ तासांत कळवायचं ना?" स्थानिक आपत्तीचे कलमच राहिलेले नव्हते. ७२ तासांत कळवूनही त्या कलमाखाली काही मिळणार नव्हते. भरपाई मंडळातल्या पीक कापणीच्या सरासरीवरच अवलंबून होती.

पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान आणि भात पाण्याखाली जाणे ही कलमे खरीप २०२६ पासून योजनेत घेण्याचे जाहीर केले. भाताचे कलम २०१८ मध्ये काढले होते, ते परत येणार असे ठरले. म्हणजे बघा, कलमे येतात आणि जातात. दर वेळी हप्ता कोणी तरी देतोच. शेतकरी, राज्य किंवा केंद्र. कलम गेले की हप्ता वाचतो, पण ज्या वर्षी नेमके तेच संकट येते त्या वर्षी ती बचत महागात पडते.

आधी सरकारी योजना बघा

आरोग्याचा खासगी विमा घेण्याआधी आपल्याला काय फुकट मिळते ते पाहावे. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२३ मध्ये शासनाने ते ५ लाख करण्याचा, उपचारांची संख्या १,३५६ करण्याचा आणि राज्यातल्या सर्व कुटुंबांना त्यात घेण्याचा निर्णय केला. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतचा लाभ मिळतो. त्यासाठी आधारवरून 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावे लागते. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळते.

या योजनेत हप्ता आपण देत नाही, म्हणून तिथे ताण दुसरीकडे दिसतो. उपचारांची यादी वाढली, पण दवाखान्याला मिळणारा ठरीव दर परवडला नाही, तर खासगी दवाखाना योजनेत यायला मागेपुढे पाहतो. म्हणून कार्ड खिशात आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आपल्या जवळचा कोणता दवाखाना योजनेत आहे आणि तिथे कोणते उपचार होतात, हे घरात सगळे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा.

हप्ता वाढला तर काय करावे?

नूतनीकरणाची नोटीस आली आणि हप्ता दोन-चार हजारांनी वाढला, तर रागाने पॉलिसी सोडू नका. खंड पडला तर जुन्या आजारासाठी भरलेली थांबण्याची मुदत वाया जाते आणि नव्याने सुरुवात करावी लागते. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेवढ्यात विचार करा. पण त्या मुदतीत आजारपण ओढवले तर अडचण होऊ शकते, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका.

आधी नोटिशीत कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. पूर्वी १०,००० च्या हप्त्याला १८ टक्के धरून ११,८०० भरावे लागत. आता कराची ओळ शून्य असली पाहिजे. मात्र संस्थेच्या किंवा कंपनीच्या सामूहिक पॉलिसीला ही सवलत नाही. शिवाय, विक्रीवर कर नसल्याने कंपन्यांना त्यांच्या खर्चावर भरलेला कर वजा करून घेता येत नाही. म्हणून मूळ हप्ता तोच आहे की वाढला, तेही गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून पाहा.

तरी झेपत नसेल तर काय कापावे? बिलाचा काही भाग स्वतः सोसण्याची अट घेतली, किंवा सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची आणि त्यावरची कंपनीने, अशी पॉलिसी घेतली, तर हप्ता बराच कमी होतो. रोजच्या खोकल्या-तापाचा खर्च आपण कसाही भागवतो. विमा पाहिजे तो घर बुडवणाऱ्या बिलासाठी. म्हणून बाहेरच्या तपासण्या, चष्मा, मोफत चेकअप असली कलमे आधी सोडावीत. विमा रक्कम आणि मोठ्या आजाराचे संरक्षण सोडू नये. दुसरी कंपनी बरी वाटली तर पॉलिसी तिकडे वळवता येते आणि झालेली मुदतही धरली जाते. पण त्यासाठी नूतनीकरणाच्या निदान दीड महिना आधी अर्ज करावा.

आणि एक गोष्ट कधीच करू नये. अर्जात आजार लपवू नये. एजंट म्हणतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता वाचतो, पण दावा अडकतो. लिहिले तर जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागेल. न लिहिता पकडले गेले तर सगळेच जाते. अर्ज एजंटाने भरला तरी सही आपली असते, हे विसरू नका.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई आणि सेवा केंद्र चालवणारी तरुण मंडळी यांनी मनावर घेतले तर पुष्कळ होईल. ग्रामसभेत पीक विम्याची माहिती देता, तसा अर्धा तास आरोग्याला द्या.

१) गावात ७० वर्षांवरच्या किती जणांचे कार्ड निघाले नाही, याची यादी करा.

२) योजनेतल्या जवळच्या दवाखान्यांची नावे आणि तिथे होणारे उपचार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

३) प्रत्येक पॉलिसीबरोबर कंपनीने ग्राहक माहिती पत्रक द्यायचे असते. काय मिळते, काय मिळत नाही, किती थांबायचे, हे त्यात थोडक्यात असते. ते स्थानिक भाषेत मागता येते. लोकांना ते मराठीतून मागायला सांगा आणि वाचून दाखवा.

४) नवी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पसंत नसेल तर परत करता येते, हेही सांगा.

५) दावा विनाकारण नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्याला आहेत. फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. फक्त कागद जपून ठेवलेले पाहिजेत.

सरकारने कोणते लाभ सक्तीचे करावेत, यावर पुढेही वाद होत राहतील. कोणी म्हणेल, आणखी कलमे घाला. कोणी म्हणेल, कमी करा पण स्वस्त करा. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. ज्या कलमाने घर वाचते आणि जे हजारात दोघांनाच लागते, ते सगळ्यांनी मिळून उचलावे, भार कोणाला कळतही नाही. जे कलम महाग आहे ते सक्तीचे करायचे तर त्याच्या पैशाची सोयही त्याच वेळी सांगितली पाहिजे. नाही तर हप्त्याला भिऊन निरोगी माणूस बाहेर पडतो आणि मागे राहिलेल्याचा भार वाढतो.

आपल्यापुरते करण्याचे काम एवढेच की, पॉलिसीची पिशवी ट्रंकेतून बाहेर काढा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला बसवा आणि तीन गोष्टी वाचून घ्या : काय मिळणार नाही, किती दिवस थांबायचे, आणि बिलातले किती आपण द्यायचे. बियाणे घेताना आपण पिशवीवरची उगवणशक्ती आणि मुदत वाचतो. इथे हीच तीन कलमे वाचायची असतात. पेरणीच्या गडबडीआधी एवढे उरकून घ्या.